भुरीचा पासपोर्ट

परदेशात राहायला निघालेल्या माणसाला चार प्रश्न ठरलेले असतात. व्हिसा झाला का, घर मिळालं का, थंडीचे कपडे घेतलेस का आणि तिकडे आपल्या भाज्या मिळतात का. मला मात्र सगळ्यात जास्त वेळा पाचवाच प्रश्न विचारला गेला, "आणि त्या कुत्रीचं काय करणार?"

ती कुत्री म्हणजे भुरी. आज मी, माझा नवरा आणि भुरी असे आम्ही तिघं बर्लिनमध्ये राहतो. इथे येऊन आता तीन वर्षं होतील. अजूनही ओळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. कुणाची मुलगी कॅनडाला निघालेली असते, कुणाचा मुलगा आयर्लंडला. घरात लॅब्रॅडॉर असतो, नाहीतर रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. "नेता येतं का गं? आणि नेलं तर तिकडे रमतं का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या 'हो'च्या मागे बरंच काही असतं. तेच आज सांगते.

पाच घरांची कुत्री

भुरी कुठल्याही जातीची नाही. पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या दारात ती एका पावसाळ्यात आली आणि जिन्याखाली राहिली. वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. सकाळचं दूध एका घरचं, दुपारचा भात दुसऱ्या घरचा. माझी आजी शेवटची पोळी तिच्यासाठीच लाटायची. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आपल्या पायरीशी एक असू दे," असं तिचं म्हणणं होतं. भुरीला पट्टा नव्हता, साखळी नव्हती, मालक नव्हता. तिच्या उजव्या कानाला वर एक छोटा काप आहे, तेवढीच काय ती तिची सरकारी नोंद. भटक्या कुत्र्याची नसबंदी करून त्याला रेबीजची लस टोचली की कानाला अशी खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही.

पुढे आजी गेली. मग वाडा बिल्डरकडे गेला. पाच बिऱ्हाडं धायरी, वारजे, कोथरूड अशी पांगली. ज्या दिवशी आमचं सामान टेम्पोत चढलं, त्या दिवशी भुरी टेम्पोच्या मागे चौकापर्यंत पळत आली. बाबा एरवी कुत्र्याला घरात घेण्याच्या विरोधातले. पण त्यांनीच टेम्पो थांबवला आणि मागचं फळकूट खाली केलं. अशी ती पाच घरांची कुत्री आमच्या एका घरची झाली.

त्यानंतर दीड वर्षाने माझं लग्न झालं. नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी लागली. मी लिहिण्याचं काम घरून करते, त्यामुळे मला कुठेही जाता येणार होतं. प्रश्न फक्त भुरीचा होता. तेव्हा ती सात वर्षांची होती. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता आणि बाबांची नोकरी अजून चालू होती. तिला दिवसभर सांभाळणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

चार महिन्यांचं गणित

कुत्र्याचं तिकीट काढलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरी वाट तिकिटाच्या कितीतरी आधी सुरू होते. भारतातून युरोपियन संघातल्या देशात कुत्रं न्यायचं तर आधी त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक. त्यानंतर रेबीजची लस. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा नसतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. ते युरोपियन संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत जातं आणि रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती पुरेशी तयार झाली आहे का, हे तिथे तपासतात. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला तिथे प्रवेश नाही. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चार महिने गेलेच.

एवढी कडक शिस्त का, असा राग मलाही आला होता. मग वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात. जर्मनीत रानातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज होता. तिथे कित्येक वर्षं लस घातलेली आमिषं जंगलात टाकून तो आटोक्यात आणला आणि २००८ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. ज्यांनी कोल्ह्यांना लस देण्याइतके कष्ट घेतले, ते माझ्या कुत्रीला कागद मागणारच.

ठरल्याप्रमाणे नवरा पुढे गेला आणि मी मागे राहिले. नव्या लग्नात चार महिने वेगळं राहायचं आणि तेही कुत्रीसाठी! नातेवाइकांच्या तोंडाला लगाम कुठे असतो? एका लग्नात एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, नवऱ्यापेक्षा कुत्री जवळची झाली का?" बाबाही वैतागले होते. "इथे माणसांचे व्हिसे होईनात आणि हिला कुत्रीचा पासपोर्ट हवाय." आई काही बोलली नाही. पण रात्री भुरीच्या भातात तूप घालताना मी तिला पाहिलं होतं.

ते चार महिने वाया गेले नाहीत. मोठा प्लॅस्टिकचा पिंजरा आणून तो हॉलमध्ये ठेवला. विमानातल्या पिंजऱ्याचा नियम साधा आहे, कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, नीट पसरता आलं पाहिजे. पहिले पंधरा दिवस भुरी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती. मग आत आजीची जुनी नऊवारी अंथरली. दोन दिवसांनी ती स्वतःहून आत जाऊन झोपली. मुसक्याचीही सवय अशीच केली. जाळीच्या मुसक्याला आतून उकडलेल्या चिकनचा तुकडा लावायचा आणि तिने तोंड घातलं की काढून घ्यायचं. ज्या कुत्रीने आयुष्यात पट्टा घातला नव्हता, तिला मी साडेतीन महिन्यांत पट्टा, मुसकं आणि पिंजरा शिकवला. या काळात मीही जर्मन शिकत होते. प्रगती तिची जास्त होती.

पोटातला प्रवास

बहुतेक विमान कंपन्या पिशवीसकट साधारण ८ किलोपर्यंतचं कुत्रं केबिनमध्ये घेतात. भुरी १७ किलोची. तिला विमानाच्या पोटातूनच जावं लागणार होतं. तिथे प्राण्यांसाठीचा भाग उबदार ठेवलेला असतो आणि हवेचा दाबही केबिनसारखाच असतो, हे मी दहा ठिकाणी वाचून खात्री केली होती. तरी मुंबई विमानतळावर तिचा पिंजरा पट्ट्यावरून आत गेला तेव्हा माझे हात गार पडले. झोपेचं औषध द्यायला डॉक्टरांनी आधीच मनाई केली होती. उंचावर त्या औषधाने श्वासाला आणि रक्तदाबाला धोका होऊ शकतो.

निघण्याआधी मुंबईत सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून तिचं आरोग्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं. ते मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात उतरावं लागतं. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास. त्या नऊ तासांत मी एकही सिनेमा बघितला नाही. फ्रँकफर्टला कागद तपासले, यंत्र फिरवून चिपचा क्रमांक वाचला आणि एका अधिकारीबाईंनी पिंजऱ्यात डोकावून काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. भुरीने शेपटी हलवली.

तिथून बर्लिन रेल्वेने चार तास. भारतात कुत्र्याला रेल्वेने न्यायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. इथे मांजराएवढं छोटं कुत्रं पिशवीत घालून फुकट नेता येतं. मोठ्या कुत्र्याला निम्मं तिकीट, पट्टा आणि मुसकं. नवरा आम्हाला घ्यायला फ्रँकफर्टला आला होता. त्याने खिशातून तीन तिकिटं काढली. तिसऱ्यावर चक्क 'कुत्रा' असं छापलेलं होतं. ते तिकीट मी अजून जपून ठेवलंय.

आधी तिची नोंद, मग माझी

बर्लिनमध्ये कुत्रं पाळणं हे नोंदणीचं काम आहे. कुत्र्याला चिप हवी, शहराच्या कुत्रा-नोंदवहीत त्याचं नाव हवं, त्याने कुणाला इजा केली किंवा नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा हवा. शिवाय कुत्र्यावर कर! पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, पुढच्या प्रत्येकाला १८०. कर भरला की गळ्यात अडकवायला बिल्ला मिळतो. माझं राहण्याचं कार्ड यायला बरेच आठवडे लागले. भुरीचा बिल्ला त्याच्या आधी आला. "घरातली पहिली अधिकृत रहिवासी," असं म्हणत नवऱ्याने तिला सलाम ठोकला होता.

घर मिळणं सगळ्यात अवघड गेलं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे की छापील भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, प्रत्येक वेळी परिस्थिती बघून ठरवावं लागतं. पण कायदा तुम्हाला घरातून निघायला लागू नये म्हणून असतो. एका घरासाठी शंभर जण रांगेत असताना मालकाने 'नाही' म्हटलं तर कारण कोण विचारणार? नकारावर नकार यायला लागले. मग मी माझं कामच हत्यार म्हणून वापरलं. भुरीचा एक पानाचा बायोडाटा लिहिला, अगदी लग्नाच्या बायोडाटासारखा. उंची, वजन, रंग, स्वभाव, शिक्षण, आवडी. भुंकते का? पुण्यात पोस्टमनवर भुंकायची, आता सोडलं आहे. खाली फोटो. दोन आठवड्यांनी एका घरमालकाचा फोन आला. "तुमचा अर्ज लक्षात राहिला," म्हणाले. आज आम्ही त्यांच्याच घरात राहतो.

नियमांची एक लांबलचक यादी आहे. २०१९ पासून शहरात कुत्र्याला पट्ट्याशिवाय फिरवता येत नाही. मालकाने परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलं तर काही ठिकाणी सूट मिळते. इमारतीच्या जिन्यात, मेट्रोत पट्टा एक मीटरपेक्षा लांब नको. खिशात शी उचलायची पिशवी हवीच. मुलांच्या खेळाच्या मैदानात कुत्र्याला मनाई. रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर शांतता. सुपरमार्केटबाहेर भिंतीला कडी असते आणि वर कुत्र्याचं चित्र, खाली 'आम्हाला बाहेरच थांबायचंय' असं लिहिलेलं. भुरी तिथे शहाण्यासारखी बसते, आतून बटाटे येण्याची वाट बघत.

मेट्रोत नियमाने मुसकं हवं, पण कित्येक जर्मन कुत्री उघड्या तोंडाने बसलेली असतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. आम्ही मात्र भुरीला मुसकं घातल्याशिवाय जिना उतरत नाही. नवरा एकदा म्हणाला, "ते इथलेच आहेत, त्यांना विसरलं तरी चालतं." परक्या देशात राहणाऱ्याला हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिला हिवाळा

पहिला नोव्हेंबर आला. दुपारी चारला अंधार. नवरा ऑफिसात, मी लॅपटॉपसमोर, बाहेर पाऊस नाही, बर्फ नाही, नुसतं राखाडी. मला बोलायला कुणी नव्हतं. आईला फोन केला की ती विचारायची, "जेवलीस का? आणि भुरी?" मी 'हो' म्हणायचे. खरंतर कधी कधी दुपारी तीनपर्यंत मी दात घासलेले नसायचे.

पण भुरीला बाहेर जायचंच असायचं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पुण्यात ती स्वतः फिरून यायची, दाराशी बसायची. इथे पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, त्यामुळे मलाही जावं लागायचं. फुटपाथवर बर्फ घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात, ती तिच्या पंजात रुतायची. घरी आलं की कोमट पाण्यात एकेक पंजा धुवायचा. त्या चार फेऱ्यांनी माझ्या दिवसाला चार खुंट्या मिळाल्या. बाकीचा दिवस त्यांना टांगून ठेवता यायचा.

आणि लोक बोलायला लागले. जर्मन माणूस अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाही, कुत्र्याशी मात्र बोलतो. आधी कुत्र्याशी, मग कुत्र्यावरून माझ्याशी. पहिला प्रश्न ठरलेला, नर की मादी? दुसरा, जात कोणती? 'भारतातली रस्त्यावरची' म्हटलं की चेहरे बदलायचे. इथे रस्त्यावर भटकी कुत्री दिसत नाहीत, त्यामुळे कुतूहल. पण रोमानियातून आणलेली, रस्त्यावर वाढलेली कुत्री पाळणारे इथे खूप आहेत. ते लगेच जवळ यायचे. तिसरा प्रश्न कानाचा. "मारामारीत फाटला का?" त्या कानाची गोष्ट सांगण्यासाठी मी नसबंदी, लस, खूण, महापालिका हे सगळे शब्द जर्मनमध्ये शिकले. माझ्या क्लासच्या पुस्तकात ते नव्हते.

टेंपलहोफचा जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून ती जागा सगळ्यांसाठी खुली झाली. धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. तिथे कुत्र्यांसाठी कुंपण घातलेल्या मोकळ्या जागा आहेत. तिथे पट्टा काढता येतो. पहिल्यांदा काढला तेव्हा भुरी जागची हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग एक पांढरं केसाळ कुत्रं तिच्याभोवती फिरलं आणि ती जी सुटली! टेम्पोच्या मागे पळाली होती त्यानंतर मी तिला तसं पळताना पाहिलं नव्हतं.

तिथे सगळे तिला 'बूरी' म्हणतात. 'भ' कुणालाच जमत नाही. मला इथे कुणी नावाने ओळखत नाही, 'बूरीवाली' म्हणून ओळखतात. वाड्यात आजीला 'भुरीची आजी' म्हणायचे, तसंच.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. वय ऐंशीच्या घरात. वर्षभर आमचं बोलणं 'शुभ सकाळ'च्या पुढे गेलं नव्हतं. जर्मन भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. मोठ्या किंवा अनोळखी माणसाला 'तुम्ही'च म्हणायचं आणि 'तू' म्हणायची परवानगी मोठ्याने द्यायची, लहानाने घ्यायची नाही. त्या मला 'तुम्ही' म्हणायच्या, मीही त्यांना 'तुम्ही'. भुरीला मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पहाटे आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, बायपास करायला सांगितलंय, तारीख चार दिवसांनी. तिकीट मिळालं दुसऱ्या दिवशीचं. मग भुरीचं काय? तिला बरोबर न्यायचं तर भारतात येण्यासाठी आधी परवानगीचा कागद, शिवाय विमानात प्राण्याची जागा. एका दिवसात ते शक्य नव्हतं. नवरा दिवसाचे दहा तास बाहेर. कुत्र्यांच्या निवासाची दोन ठिकाणं विचारली, दोन्ही भरलेली.

मी जिन्यात भुरीला घेऊन उभी होते, फोनवर आईशी मराठीत बोलत होते आणि रडत होते. त्या बाई खाली येत होत्या. मराठी त्यांना कळणं शक्य नव्हतं. त्यांनी फोन संपेपर्यंत थांबून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला पट्टा बघितला. "किती दिवस?" तीन आठवडे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "कुत्रीला माझ्याकडे आणून सोड. आणि मला 'तू' म्हण."

त्या 'तू'चा अर्थ इथे राहिल्याशिवाय कळत नाही. मी जिन्यातच बसले.

पुण्यात हॉस्पिटलमध्ये बाबा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागले. पहिल्यांदा आईला विचारलं, मग ऑफिसच्या किल्ल्यांचं. मग माझ्याकडे बघून, "तिला कुणाकडे ठेवलंस?" मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बर्लिनचं स्वयंपाकघर, त्या बाई आणि खुर्चीखाली भुरी. बाबांना जर्मन येत नाही, बाईंना मराठी येत नाही. दोघंही आळीपाळीने "बूरी, बूरी" म्हणत होते आणि भुरी फोनच्या मागे जाऊन बाबांना शोधत होती. "कुत्रीचा पासपोर्ट हवाय," म्हणून वैतागलेला माणूस फोन ठेवल्यावर म्हणाला, "बाई चांगली आहे. तिला परत जाताना चकली ने."

बर्लिनला परतल्यावर कळलं की त्या बाईंकडे वीस वर्षं कुत्री होती. शेवटचं गेल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आता या वयात नवीन नको, आपल्या मागे त्याचं कोण करणार? आता रोज दुपारची एकची फेरी त्यांची असते. मला लिहायला सलग तीन तास मिळतात. जिन्यातून चढता-उतरता पहिल्या मजल्यावरचं तुर्की कुटुंब भुरीला हाक मारतं, तळमजल्यावरचा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला जवळ घेऊन बसतो. परवा मोजलं. पुन्हा पाच घरं झाली आहेत.

निघणाऱ्यांसाठी थोडंसं

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी कुत्र्यासह परदेशी निघणार असेल तर काही गोष्टी मनापासून सांगते.

नोकरीचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात त्या देशाचे नियम वाचा. प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा असतो. युरोपियन संघासाठी चिप, लस, रक्त आणि प्रतीक्षा हा क्रम पाठ करा आणि किमान पाच महिने हातात ठेवा.

पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना विमानाच्या पोटातून न्यायला अनेक विमान कंपन्या नकार देतात, कारण त्यांना श्वासाचा धोका जास्त असतो. तिकिटाआधी विचारा.

पिंजऱ्याची आणि मुसक्याची सवय घरात, खेळत खेळत, काही महिने आधी लावा. विमानतळावर पिंजरा पहिल्यांदा बघणाऱ्या कुत्र्याचे हाल होतात.

जर्मनीत पोचल्यावर स्थानिक डॉक्टरकडून कुत्र्याचा निळा युरोपियन पासपोर्ट करून घ्या. त्यावर संघातल्या इतर देशांत फिरता येतं. आयर्लंड, फिनलंड, माल्टासारख्या देशांत शिरताना मात्र आधी पट्टकृमीचं औषध दिल्याची नोंद लागते. आणि कुत्र्यासह भारतात येऊन परत जायचा विचार असेल, तर रक्ततपासणीचा निकाल बाहेर पडण्याआधीच त्या पासपोर्टात नोंदवून ठेवा आणि रेबीजच्या लसीची तारीख एक दिवसही चुकू देऊ नका. मग परतताना पुन्हा तीन महिने थांबावं लागत नाही.

शेवटचं, आणि हे जरा अवघड आहे. कुत्रं खूप म्हातारं असेल, त्याला हृदयाचा त्रास असेल आणि मागे त्याला जीव लावणारं माणूस असेल, तर त्याला ठेवून जाण्यात कमीपणा नाही. प्रश्न आपल्याला करमेल का याचा नसतो, त्याचं कोण करणार याचा असतो. आमच्या घरात त्याचं उत्तर मी होते, म्हणून भुरी आली. तुमच्या घरात ते आजोबा असतील किंवा शेजारचा मुलगा असेल. उत्तर प्रामाणिकपणे द्या, मग कागद काढायला लागा.

भुरी आता दहा वर्षांची होईल. तोंडाभोवती पांढरी झाली आहे, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबते. येत्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदा बर्लिनला येतायत. डॉक्टरांनी बाबांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. सकाळी सातची फेरी मी त्यांच्या नावावर लिहून ठेवली आहे.